कड्याच्या आतल्या बाजूने

९ तारीख, सोमवार

आज लॅबच्या मालकांनी मला घरी पाठवलं. मी खालच्या जबड्याच्या साच्यावर वरचे दात बसवले होते. बसवले होते अगदी सुबक, फक्त जबडा चुकला होता. मालकांनी ती कवळी बराच वेळ हातात फिरवली आणि म्हणाले, "हा माणूस जेवणार कसा?" मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाले, "थोडे दिवस घरी राहा. दात काही पळून जात नाहीत."

वीस वर्षं कवळ्या बनवते आहे. असं कधी झालं नव्हतं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

लॅबमध्ये संध्याकाळी दिवसभराचं काम लिहून ठेवायची सवय आहे. आज त्या वेळेला हात रिकामा होता, म्हणून ही वही काढली. काम नाही तर जे झालं ते लिहीन.

घरी ताई होत्या. ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. हे गेले त्या दिवशी आल्या, त्या परत गेलेल्या नाहीत. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होत्या. नोकरी संपली, आवाज तेवढा राहिला. मी ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले की म्हणतात, "पुढे चला, पुढे चला, मध्ये जागा आहे." पूर्वी हसू यायचं.

हे गाडी लावायला खाली गेले आणि वर आलेच नाहीत. शेजाऱ्यांनी पाहिलं तेव्हा इंजिन चालू होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याला आता दोन महिने होत आले.

११ तारीख, बुधवार

डोंगरातल्या एका विश्रामगृहातून फोन आला. बाई फार गोड बोलत होत्या. शनिवारी तुम्ही दोघं येताय ना, वाटाड्या ठरवून ठेवलाय, बूट चांगले आणा.

हे दरवर्षी मित्रांबरोबर डोंगरात जायचे. मी कधी गेले नाही. ह्या वेळी त्यांनी माझंही नाव घातलं होतं. मला सांगितलं नव्हतं. बहुधा सांगणार होते.

मी म्हटलं, ते नाहीत. बाई म्हणाल्या, "मग नंतर कधी येता?" मी म्हटलं, "नंतर नाही."

ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला, गच्चीत गेल्या आणि दार लावून घेतलं. खूप वेळ बोलत होत्या. हळू आवाजात. ताईंना हळू आवाज आहे हे मला आजच कळलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, एवढं काय बोलत होतात, तर म्हणाल्या, "न्हाणीघराचं विचारत होते. गरम पाणी असतं म्हणे."

मग म्हणाल्या, "जाऊ या का आपण?"

मी म्हटलं, जाऊ. इथे बसले काय नि तिथे बसले काय.

१४ तारीख, शनिवार

पोचलो. लाकडी घर आहे. मागे ओळीने डोंगर, आणि अंगण संपतं तिथून खाली दरी. दिसत नाही, पण पाण्याचा आवाज सारखा असतो. कुणीतरी शेजारच्या खोलीत नळ उघडा टाकून गेल्यासारखा.

आम्हाला वरची खोली दिली होती. दरीच्या बाजूला सज्जा होता. ताईंनी बघितली आणि म्हणाल्या, "हे गुडघे घेऊन मी वर-खाली करू? तळमजल्यावर द्या." आता आम्ही स्वयंपाकघरामागच्या खोलीत आहोत. खिडकीतून सरपण दिसतं. खोली बदलून झाल्यावर ताई सज्ज्याचं दार नीट लागतं का बघायला दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेल्या. गुडघ्यांचं त्यांच्या लक्षात नव्हतं. वय झालं की माणसं अशी लहरी होतात.

माझ्या झोपेच्या गोळ्या त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवल्या. "तुझ्या पिशवीत वेळेला काही सापडत नाही," म्हणाल्या. जेवण झाल्यावर एक गोळी दिली आणि पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. "तोंड उघड बघू." मग हसल्या. दातांच्या लॅबवालीला तोंड उघडायला लावणारी ही पहिलीच बाई.

१५ तारीख, रविवार

वाटाड्या चाळिशीचा आहे. वरच्या दातांत डावीकडचा सुळा नाही. बोलताना तिथून हवा जाते. बाकीचा चेहरा आत्ता आठवायचा म्हटलं तर आठवत नाही.

त्याने निघण्याआधी सगळं सांगितलं. वाट कड्याच्या अंगाने जाते तिथे आतल्या बाजूने चालायचं, हात डोंगराकडे. ओल्या दगडावर हिरवं दिसलं की ते शेवाळ, त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही. सुट्ट्या दगडगोट्यांचा उतार म्हणजे घसारा, तिथे बसलं तरी घसरतं. एकट्याने कुठेही जायचं नाही. प्रत्येकीच्या गळ्यात एक शिटी. तीन वेळा वाजवली तर मदत हवी, एकदा वाजली तर ऐकू आलं.

ताई म्हणाल्या, "आमच्या बसमध्ये उलटं होतं. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल."

"मावशी, इथे बस आणू नका," तो म्हणाला.

मग त्याने माझ्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. आमच्या मागून एक नवीन लग्न झालेलं जोडपं जात होतं, त्यांना कुणी दोर बांधला नव्हता. ताईंनाही नाही. मी म्हटलं, वाट तर गाडी जाईल एवढी रुंद आहे. तो म्हणाला, "मॅडम, तुमचे बूट नवीन आहेत ना, म्हणून."

बूट खरंच नवीन आहेत. ताईंचेही आहेत.

दुपारचा डबा आणायला तो विसरला. ताईंनी त्याला असा झापला की डोंगराने दोनदा ऐकवलं. शेवटी ताईंच्या पिशवीतली बिस्किटं तिघांनी खाल्ली. तो कान धरून म्हणाला, मावशी, उद्यापासून तुम्हीच वाटाड्या.

मी चालत होते. पाय पुढे पडत होते. संध्याकाळी ताईंनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, चालले.

१६ तारीख, सोमवार

धबधबा पाहिला. लोक फोटो काढत होते. वरून पाणी येतं, कड्यापर्यंत पोचतं आणि तसंच पुढे जातं. पुढे काही नसतं, तरी जातं. मध्ये थांबत नाही, मागे बघत नाही.

कठडा लोखंडी आहे, कमरेएवढा. मी त्यावर हात टेकून वाकून बघत होते. तुषार तोंडावर येत होते, बरं वाटत होतं. किती सोपं आहे पाण्याला, एवढंच मनात आलं. दुसरं काही नाही.

मागे वळले तर ताई वाटेच्या मधोमध फतकल मारून बसल्या होत्या. पायात गोळा आलाय म्हणाल्या. तोंड पांढरं पडलं होतं. "इकडे ये, इकडे ये, पाय चोळ माझा." मी गेले. कुठला पाय विचारलं तर आधी उजवा म्हणाल्या, मग डावा. वाटाड्या माझ्या दोराचं टोक हाताला गुंडाळून उभा होता. तो इतका वेळ कठड्यापाशीच माझ्या मागे होता की काय, मला कळलं नव्हतं.

परतताना ताईंनी माझा हात धरला तो अंगणात आल्यावरच सोडला. त्यांच्या पायांसाठी म्हणून मी धरू दिला. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात तसं. उद्या त्यांनी घरी बसावं असं मी सुचवलं, तर चवताळून अंगावर आल्या.

१७ तारीख, मंगळवार

अस्वल दिसलं.

आम्ही झाडीतून वर निघालो होतो. वाटाड्याने हात वर केला आणि थांबला. समोरच्या झुडपात काहीतरी काळं हलत होतं. तो अगदी हळू म्हणाला, "पळायचं नाही. ओरडायचं नाही. डोळ्यांत बघायचं नाही. आपण माणसं आहोत हे त्याला कळेल एवढं बोलत बोलत मागे सरका."

ताई बोलायला लागल्या. काय बोलावं सुचेना म्हणून हवापाण्याचं बोलत होत्या. "आज ऊन चांगलं पडलंय नाही? कपडे वाळतील."

अस्वल फळं ओरबाडून खात होतं. त्याचं तोंड उघडं होतं. खालचा एक सुळा मोडलेला दिसला. कसा मोडला असेल, नुसता टवका गेलाय की मुळापासून, हे नीट दिसेना म्हणून मी थोडी पुढे गेले.

मग कमरेला हिसका बसला आणि पाठीवरची पिशवीही कुणीतरी ओढली. मी आणि ताई दोघी मागे आपटलो. अस्वलाने मान वर केली, हुंगलं आणि चढावर निघून गेलं. जाताना घाईत नव्हतं.

वाटाड्याला घाम फुटला होता. तो मला चिडून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"नाही."

"वाटायला पाहिजे. मलाही वाटते. मला तर कुत्र्यांचीसुद्धा वाटते. ज्याला भीती वाटत नाही त्याला मी वर नेत नाही."

ताई जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "वाटते रे तिला. जरा मागे राहिलीय एवढंच. येईल मागच्या बसने."

तो हसला नाही. परत येईपर्यंत दोघं माझ्या पुढे हळू आवाजात बोलत होते. उद्याच्या हवेबद्दल असावं.

१८ तारीख, बुधवार

दिवसभर पाऊस. सरपण बघत बसले.

२० तारीख, शुक्रवार

पायथ्याच्या गावातल्या हॉस्पिटलात आहे. ताईंना ऑपरेशनला आत नेलंय. कालचं लिहून काढते.

काल पाऊस थांबला. वाटाड्या म्हणाला, ओढा चढलाय की नाही ते पुढे जाऊन बघावं लागेल. एक मोठं झाड होतं, वाटेला लागून, तिथे आम्हाला थांबवलं. माझा दोर त्याने झाडाला बांधला. मी म्हटलं, मला काय म्हैस समजलात? म्हणाला, "मॅडम, मी येईपर्यंत. धुकं आलं तर जिथे असाल तिथे खाली बसा. हलू नका."

तो गेला आणि धुकं आलंच. ताई शेजारी होत्या. मी झाडाच्या सालीकडे बघत होते. मान वळवली तर ताई नव्हत्या.

हाक मारली. ओ नाही. मग दगड गडगडल्याचा आवाज आला. आधी एक, मग पुष्कळ. मग काहीच नाही. नुसतं खाली पाणी.

आणि खालून ताईंचा आवाज. "तू हलू नकोस! कडेला येऊ नकोस! ऐकतेस ना? हलू नकोस!"

त्या खडकाच्या आडोशाला गेल्या होत्या. धुक्यात पाय घसाऱ्यावर पडला आणि खाली गेल्या. खाली एक कपार होती, तिच्यावर अडकल्या. हे नंतर कळलं. तेव्हा फक्त आवाज होता.

मी पोटावर झोपले. दोर कमरेला होताच. सरपटत दोर ताठ होईपर्यंत पुढे गेले. डोकं कड्यापर्यंत पोचलं. खाली दीड-दोन पुरुष अंतरावर ताईंचे पांढरे केस दिसले. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. त्यांच्या पलीकडे धुकंच.

शिटी तोंडात धरली. तोंडाला कोरड पडलेली, वाजेना. मग वाजली. तीन वेळा. थांबले. पुन्हा तीन वेळा. खूप लांबून एक शिटी ऐकू आली.

"तो येतोय, ताई."

"तू मागे हो."

"तुम्हाला थंडी वाजतेय का?"

"तू मागे हो आधी!"

मी जॅकेट काढून खाली टाकलं. त्यांनी ते झेललं, अंगावर घेतलं. दात कडकडत होते, वरपर्यंत ऐकू येत होते. थोड्या वेळाने कडकडायचे थांबले आणि त्या बोलेनाशा झाल्या. डोळे मिटत होत्या.

"ताई, झोपायचं नाही. ताई! तुमच्या बसचे स्टॉप सांगा."

"कशाला?"

"सांगा. ओळीने. मला त्या बसने जायचंय."

त्या सांगायला लागल्या. डेपो. गिरणी. बाजार. दवाखाना. पाण्याची टाकी. प्रत्येक स्टॉपला मी पुढचा विचारत होते. मग म्हणाल्या, "शाळा." आणि थांबल्या.

"शाळेच्या पुढे?"

"इथे चढायचा तो," त्या म्हणाल्या. "दप्तर मागच्या दारातून आधी आत फेकायचा, मग स्वतः. सगळ्यांसमोर मला कंडक्टर म्हणून हाक मारायचा. मी तिकीट मागितलं की डोळा मारायचा."

मग त्या रडायला लागल्या. कपारीवर पाय मोडून पडल्या होत्या तेव्हा रडल्या नव्हत्या.

"येतो तो माणूस तुला भेटायला येतो. मला सांगतो, हिला सांभाळा. सांभाळतेय ना मी. पण माझा भाऊ गेलाय गं. मी पाळण्यात घातलेला. मी कुठे जाऊ?"

दोन महिने त्या माझ्या घरात होत्या. हे मला सुचलंच नव्हतं.

"पुढचा स्टॉप, ताई," मी म्हटलं.

"तू मागे हो. मला तुझी भीती वाटते. रोज वाटते. झोपसुद्धा लागत नाही."

"माझी कसली भीती?"

वेदनेने माणूस काहीबाही बोलतं.

तेवढ्यात वारा आला आणि धुकं फाटलं. ताईंच्या खांद्यामागून मला दरी दिसली. सगळी, एकदम. तळाशी पाणी, दोऱ्याएवढं. मग बघितलं तर माझ्या उजव्या हाताने एक मूळ धरलं होतं. इतकं घट्ट की नखांतून रक्त आलं होतं. मी कधी धरलं मला माहीत नाही. हाताने मला विचारलं नव्हतं.

मला पडायचं नव्हतं. हे असं लिहिणं विचित्र आहे. कुणाला पडायचं असतं?

वाटाड्या आला. त्याच्याबरोबर लाकूडतोडे दोघं होते. तो दोर बांधून खाली उतरला, तिघांनी मिळून ताईंना वर घेतलं. वर आल्यावर तो मटकन बसला आणि स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. "आडोशाला जायचं तर कुठल्या बाजूला जायचं, ते सांगायचं राहिलं. सगळं सांगितलं आणि तेवढंच राहिलं."

ताई झोळीत पडल्या पडल्या म्हणाल्या, "अरे, लाजेपायी मीच विचारलं नाही. आता मला खाली ने, मग काय ते मारून घे."

उतरताना माझा दोर कुणी बांधला नाही. सगळे झोळीच्या मागे होते. मी आतल्या बाजूने उतरले, हात डोंगराला लावून.

२२ तारीख, रविवार

ताईंच्या घोट्यात दोन ठिकाणी स्क्रू घातलेत. काल शुद्ध पूर्ण आली. वॉर्डात बारा खाटा आहेत, आज सकाळपर्यंत बाकीच्या अकराही जणींशी त्यांची ओळख झाली. पलीकडच्या आजींची कवळी सैल आहे, ती हिच्याकडून बघून घ्या, असंही त्यांना सांगून ठेवलं. मी बघितली. खालची झिजली आहे, अस्तर लावलं तर बसेल. त्यांना तसं सांगितलं.

दुपारी ताईंना सूप भरवत होते. त्या म्हणाल्या, "बघ, काही नाही गं. बाई जरा आडोशाला गेली तर केवढा तमाशा."

त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण मी वाटी खाली आपटली आणि ओरडायला लागले.

मी म्हटलं, "सांगून जायचं ना! एका शब्दाने सांगून जाता येत नाही? मी शेजारी होते. मी तिथेच होते. कुठे मेला होता शब्द? मी आपली वाट बघतेय, आत्ता येतील, आत्ता येतील. नुसतं 'आलोच' म्हणायला काय जातं माणसाचं? 'आलोच' म्हणायला किती वेळ लागतो?"

मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता.

ताई माझ्याकडे बघत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला वेळच मिळाला नाही गं."

मी म्हटलं, "मी तुमच्याबद्दल बोलतेय."

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दलच बोल. थांबू नकोस."

मी थांबले नाही. काय काय बोलले ते आता आठवत नाही. इंजिनाचं काहीतरी बोलले. मला न सांगता माझं नाव घातलं त्याचं बोलले. मग बोलता येईना, घशातून नुसताच आवाज येत होता, आणि ताईंनी मला ओढून घेतलं, आणि त्यांच्याही घशातून तसाच आवाज येत होता.

नर्स धावत आली. एकदा ताईंच्या पायाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "अहो, कुणाला दुखतंय?"

"दोघींना," ताई म्हणाल्या.